रेडिओच्या कुळातला कान

यंत्राच्या कानाची वंशावळ बहुतेक जण अशी सांगतात: अंतर्कर्णात वेगवेगळ्या सुरांना झंकारणाऱ्या तारा असाव्यात, असं हेल्महोल्ट्झने १८६३ साली मांडलं. बेकेसीने मृतांच्या कानांत डोकावून दाखवलं, की तिथे एक लाट धावते. १९६१चं नोबेल त्याला मिळालं. १९८८ मध्ये रिचर्ड लायन आणि कॅलटेकचे कार्व्हर मीड यांनी ती लाट सिलिकॉनवर उतरवली.

माझ्या मते यात खरा आजोबाच गळला आहे. टॉमी गोल्ड. विश्वाला आरंभ नाही, असं हॉइल आणि बॉन्डी यांच्या बरोबरीने मांडणारा तोच. महायुद्धात त्याने ब्रिटिश नौदलासाठी रडारवर काम केलं होतं. १९४८ मध्ये त्याला प्रश्न पडला: गोगलगायीच्या शंखासारख्या कॉक्लियात द्रव भरलेला असतो आणि द्रवात कंप लगेच विरतो. असा विरणारा कंप एका सुराला नेमका धरून राहू शकत नाही. मग जवळजवळचे सूर आपल्याला वेगळे ओळखू येतात ते कसे?

उत्तर त्याला रेडिओत मिळालं. आर्मस्ट्राँगच्या १९१४च्या पेटंटमधला रिजनरेटिव्ह रिसीव्हर बाहेर आलेल्या सिग्नलचा थोडा भाग पुन्हा आत सोडतो. त्यामुळे विरत जाणाऱ्या ऊर्जेची गळती भरून निघते, हवं ते स्टेशन नेमकं लागतं. गोल्ड म्हणाला, कानही हेच करतो. असा रिसीव्हर प्रमाणाबाहेर गेला की शिट्टी मारतो; मग कानातूनही आवाज बाहेर पडायला हवा! ते फारसं कुणाला पटलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केम्पने कानात मायक्रोफोन बसवून तो आवाज पकडला.

बेकेसीचे पाठीराखे म्हणतील, लायन-मीड यांच्या चिपमध्ये ४८० टप्पे एकापुढे एक आहेत, म्हणजे ती धावती लाटच झाली. कबूल, सांगाडा बेकेसीचाच. पण प्रत्येक टप्प्यात तीन अ‍ॅम्प्लिफायर आहेत आणि त्यातला एक फक्त सिग्नल परत आत ढकलण्यासाठी आहे. ही जागा कानातला कंप वाढवणाऱ्या बाह्य केसपेशींची, आणि युक्ती थेट आर्मस्ट्राँगची. ती केम्पच्या शोधामुळे पुन्हा चलनात येऊन चिपपर्यंत पोहोचली असावी, असं मी धरून चालतो.

पुढे मीड यांचे विद्यार्थी राहुल सरपेशकर यांच्या एमआयटीतल्या गटाने २००९ मध्ये कॉक्लियाच्या धर्तीवर चिप बनवली. ती ध्वनिलहरी नव्हे, रेडिओलहरी वेगळ्या करत होती. रेडिओकडून घेतलेलं कर्ज कानाने असं फेडलं.

तेव्हा या चिपला नुसती ‘निसर्गाची नक्कल’ म्हणणं अर्धसत्य आहे. वंशावळीत आर्मस्ट्राँगचं नाव हेल्महोल्ट्झच्या आधी लिहायला हवं.