रांगेपासून सुरुवात

प्रवरानगरला 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मुलांना त्या व्यवसायाचं एक गणित घरातूनच ठाऊक असतं. तोडलेला ऊस ताटकळला की वजन घटतं, उतारा घसरतो. ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडली की गाळप बुडतं. म्हणून शेती विभाग गाळपक्षमता पाहूनच तोडणीचा कार्यक्रम आखतो. कारखान्याच्या आवारात किती गाड्या थांबतील, हे फडातच ठरतं. जावामध्ये एकाच वेळी अनेक कामं चालवण्याची विद्या मला इथूनच सांगावीशी वाटते.

जावात थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, 1996 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. दोन थ्रेड एकाच बेरजेत भर घालू लागले, तर वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं या पायऱ्यांच्या मधे एकाची भर हरवू शकते. अशा वेळी एकाने दुसऱ्याला कसं थांबवायचं, याचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1965 मध्येच मांडलं होतं. या पुस्तकातलं कुलपांचं प्रकरण त्यावरच आहे. पण पडद्यामागच्या कामांना खरी शिस्त आली ती 2004 मध्ये, जावा 5 बरोबर. डग ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एक्झिक्युटर आणि ब्लॉकिंग क्यू यांनी काम सोपवणारा आणि काम करणारा वेगळे केले, मधे रांग ठेवली. पावती पाठवायची, अहवाल बनवायचा, तर काम रांगेत टाकून मोकळं व्हावं.

इथेच नवशिका फसतो. ठरावीक थ्रेडचा तयार पूल घेतला, तर त्यामागची रांग अमर्याद असते. कामं साचत राहतात, मेमरी भरते आणि बिघाड फार उशिरा दिसतो. रांगेला मर्यादा घातली की ती भरल्यावर काय करायचं, हे आधीच ठरवावं लागतं: काम नाकारायचं, की पाठवणाऱ्यालाच करायला लावायचं? मला दुसरा मार्ग बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यात पाठवणाऱ्याचा वेग आपोआप मंदावतो.

2023 च्या जावा 21 मध्ये व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले; आता लाखो थ्रेड सहज उभे करता येतात. डेटाबेसच्या जोडण्या मात्र मोजक्याच राहतात, त्यामुळे मर्यादा कुठे घालायची हा प्रश्न कायम आहे. म्हणून या पुस्तकात थ्रेडच्या आधी रांगेचं प्रकरण ठेवलं आहे. ज्याला जावातलं लूप आणि मेथड लिहिता येते, त्याने ते निर्धास्त उघडावं.