तक्रार न्यायची कुणाकडे?

लांब पल्ल्याच्या गाड्या खासगी कंपन्यांना चालवायला द्याव्यात की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे २०१९ नंतर जी चर्चा झाली, ती ऐकताना असे वाटावे की हा प्रयोग या देशात पहिल्यांदाच होतो आहे. वास्तविक कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीजवळून जाणारा लोहमार्ग खासगी कंपनीनेच घातला आणि सुमारे सत्तर वर्षे खासगी कंपनीनेच चालवला. ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, लोकांच्या तोंडी जीआयपी. तिच्या गाड्यांबद्दल प्रवाशांची नाराजी किती होती, याचा भरपूर पुरावा आहे. पण ती नाराजी इतकी वर्षे निष्फळ का ठरली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते त्याचे उत्तर कंपनीच्या हावरेपणात शोधून सापडणार नाही. ते कंपनीने केलेल्या कराराच्या कलमांत आहे. प्रवाशाचा त्रास कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचेल असा एकही दरवाजा त्या करारात ठेवलेला नव्हता.

करार झाला १८४९ साली, ईस्ट इंडिया कंपनी आणि जीआयपी यांच्यात. जीआयपीने लंडनमध्ये भांडवल उभे करायचे, सरकारने जमीन फुकट द्यायची आणि गुंतवलेल्या पैशावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी घ्यायची, असे त्याचे स्वरूप होते. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ रोजी नेरळ-भिवपुरीच्या बाजूने, पळसदरीवरून खोपोलीपर्यंत मार्ग खुला झाला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा भागही सुरू झाला, पण मधला घाट राहिला होता. म्हणून पुण्याचा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. अखेर १८६३ मध्ये पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ घेऊन बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. हजारो मजुरांनी तो खोदला, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतले कितीतरी तिथेच मेले.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हमी दिली नसती तर परके भांडवल आले नसते आणि घाटात रेल्वे चढलीच नसती, असे म्हटले जाते. ते खरेच आहे असे धरून चालू. पण हमीने रूळ आले याचा अर्थ हमीने सेवाही चांगली मिळाली असा होत नाही. उलट, काटकसर आणि काळजी या दोन्हींची गरज तिने कमी केली. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला आठ कमानींचा दगडी पूल बांधकामाच्या दोषामुळे कोसळला, तेव्हाही लंडनच्या भागधारकाच्या हमीच्या पाच टक्क्यांना धक्का लागला नाही. मग डब्यात पाणी नाही, बसायला जागा नाही, एवढ्याशा कारणाने तो कशाला अस्वस्थ होईल?

प्रवाशांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक तिसऱ्या वर्गाचे होते आणि प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटाही त्यांच्याच खिशातून येई. पण कंपनीचे संचालक मंडळ लंडनमध्ये आणि मुंबईत बसणारा एजंट त्या मंडळाला जबाबदार. आपली गाऱ्हाणी वर्तमानपत्रात छापून आणणे, अर्ज करणे, एवढेच तिसऱ्या वर्गाच्या हाती होते. दुसऱ्या गाडीने जाऊ म्हणावे तर दुसरी गाडीच नव्हती. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० पासून होता आणि भिवपुरीच्या पायथ्यापासून कुसूर घाटाची जुनी वाट मावळात चढे. आगगाडी आल्यावर या वाटांवरची बैलांची, तट्टांची वर्दळ ओसरली. रेल्वे स्वस्त आणि वेगवान होती, म्हणून लोक तिच्याकडे वळले. ते वळल्यावर जुन्या वाटा मोडल्या आणि मग कंपनीला प्रवाशांना सांभाळून ठेवण्याची गरजच उरली नाही.

या अवस्थेचे फार बारकाईने केलेले वर्णन गांधीजींनी १९१७ साली वर्तमानपत्रांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईहून मद्रासला मेलगाडीचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढले. ही गाडी कर्जतवरून घाट चढून पुणे, रायचूरमार्गे जाई, म्हणजे भिवपुरीजवळूनच गेली असणार. डब्यावर बावीस माणसांची मर्यादा लिहिली होती आणि तीही फक्त बसण्यापुरती, जरी प्रवास दोन रात्रींचा होता. पुण्यापर्यंत ती मर्यादा पाळली गेली ती रेल्वेच्या माणसांमुळे नव्हे. डब्यातल्या धीट प्रवाशांनी बाकीच्यांना दारातूनच परतवले, म्हणून पाळली गेली. रायचूरनंतर तेही जमेना. रात्री बराच वेळ पस्तीस माणसे त्या डब्यात कोंबलेली होती. सबंध प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही आणि संडासातल्या टाकीत पाणी नव्हते. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडे अधिक होते, तेव्हा तिसऱ्या वर्गाला निदान पंचमांश सुख तरी मिळते का, असा त्यांचा प्रश्न होता. या पत्रातली एक घटना माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी आहे. सलग पाचवी रात्र गाडीत काढणाऱ्या एका मेमण व्यापाऱ्याने या कोंबाकोंबीला विरोध केला. गार्डाने त्याचा अपमान केला आणि तक्रार असेल तर शेवटच्या स्थानकावरच्या अधिकाऱ्यांकडे जा, असे सांगितले. प्रवास संपल्यावर तक्रार करायची, तीही ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांच्याकडेच! त्यातून रायचूरला जीआयपीची हद्द संपून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची सुरू होई, म्हणजे एकाच तिकिटात दोन कंपन्या आणि जबाबदार नक्की कोण हे प्रवाशानेच शोधायचे.

कंपन्यांची बाजू घेणारे म्हणत की महायुद्धामुळे डबे आणि इंजिने कमी पडली होती, आणि डबे घाण करतात ते प्रवासीच. युद्धाची अडचण खोटी नव्हती, पण तिसऱ्या वर्गाची गाऱ्हाणी युद्धाच्या कितीतरी आधीपासूनची आहेत. प्रवाशांच्या घाणेरड्या सवयींवर गांधीजींनी स्वतःच कडक शब्दांत टीका केली होती. मात्र बावीसच्या जागी पस्तीस माणसे बसतात ती कुणाच्या सवयीमुळे नाही. गाडीला किती डबे जोडायचे हे प्रवासी ठरवत नाही. भाडे कमी, म्हणून सोयी कमी, हा युक्तिवाद त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, पण ज्या वर्गाच्या पैशावर प्रवासी उत्पन्न उभे आहे त्याच्या टाकीत पाणी भरायला परवडत नाही, हे मला पटत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १९१७ साली जीआयपी कंपनीच्या मालकीची राहिलीच नव्हती. १९०० मध्ये सरकारने ती विकत घेतली होती आणि चालवायला पुन्हा कंपनीकडेच दिली होती. मालमत्ता जनतेची आणि कारभार खासगी, ही आज ज्याला नवी कल्पना म्हणतात ती व्यवस्था पंचवीस वर्षे या मार्गावर नांदली. १९२० साली नेमलेल्या अॅकवर्थ समितीपुढे हाच प्रश्न आला. दहा सदस्य निम्मेनिम्मे फुटले. स्वतः अध्यक्ष विल्यम अॅकवर्थ, श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास सरकारी कारभाराच्या बाजूने उभे राहिले. १९२३ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळानेही तोच कौल दिला, आणि ३० जून १९२५ रोजी मुदत संपताच जीआयपीचा कारभार सरकारकडे गेला.

त्यानंतर तिसऱ्या वर्गाचे भले झाले का? फारसे नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. १ जून १९३० रोजी सरकारी जीआयपीने मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू केली, विजेवर चालणारी, देखणी. तिच्यात वर्ग दोनच होते, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग आला १९५५ च्या जूनमध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. सरकार आले म्हणून गरीब प्रवाशाला दार आपोआप उघडत नाही. ते उघडले तेव्हा प्रवासी मतदार झाला होता आणि रेल्वेमंत्र्याला लोकसभेत उत्तर द्यावे लागत होते. उलट बाजूचे उदाहरणही भिवपुरीतच आहे. घाटपायथ्याशी टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीचे वीजकेंद्र १९२२ मध्ये सुरू झाले, तेही खासगीच. पण तिची मोठी गिऱ्हाइके मुंबईच्या कापडगिरण्या होत्या. त्या मोजक्या होत्या, बलदंड होत्या आणि वीज परवडली नाही तर त्यांना कोळशावर परत जाता येत होते. असे गिऱ्हाईक नाराज झाले तर कंपनीला लगेच ऐकावे लागते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाकडे ना मत होते, ना दुसरी वाट.

म्हणून खासगी गाड्यांच्या आजच्या योजना तपासताना मी डब्याच्या रंगाआधी करारातली दोन कलमे पाहतो: भाडे कोण ठरवणार, आणि गाडी रखडली तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार. २०१९ मध्ये आयआरसीटीसीने लखनौ-दिल्ली आणि २०२० मध्ये अहमदाबाद-मुंबई तेजस चालवायला घेतली. गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोहोचली तर शंभर रुपये आणि दोन तासांहून जास्त झाल्यास अडीचशे, अशी भरपाई आयआरसीटीसीने ठेवली होती, आणि लखनौच्या गाडीच्या प्रवाशांना ती मिळालीही. जीआयपीच्या प्रवाशाला असे काही स्वप्नातही दिसले नसते. दुसरीकडे, २०२० सालच्या १५१ खासगी गाड्यांच्या निविदेत करार पस्तीस वर्षांचा होता, भाडे ठरवण्याची पूर्ण मुभा कंपनीला होती आणि चालक-गार्ड मात्र रेल्वेचेच राहणार होते. उशीर झाला तर कंपनी रेल्वेच्या सिग्नलकडे बोट दाखवणार आणि रेल्वे कंपनीच्या डब्यांकडे, हे उघड होते. २०२१ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा दोनच बोलीदार निघाले आणि योजना गुंडाळली गेली. ती पुन्हा कुठल्या रूपात आली, तर कर्जतला जिने गाडी धरायची त्या बाईची तक्रार कोणत्या कार्यालयात, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने सुटणार, हे करारातच लिहून घेतले पाहिजे, सही होण्याआधी.