सुशोभीकरण की वस्ती सुधारणा? चवदार तळ्यापासून पनवेलच्या तळ्यांपर्यंत

सुशोभीकरण हा आज पनवेलसारख्या शहरांतला परवलीचा शब्द झाला आहे. तळ्याकाठी पदपथ, चौकात कारंजे, भिंतीवर चित्रे आणि पावसाळ्यात वृक्षारोपणाचे फोटो. आमच्या वस्त्यांतील तरुण या कार्यक्रमांत हौसेने जातात, खड्डे खणतात, भिंती रंगवतात. या कामाला आमचा विरोध नाही. पण तोच तरुण संध्याकाळी ज्या वस्तीत परततो तिथे गटार उघडे असेल, अभ्यासाला खोली नसेल, सावलीला एक झाड नसेल, तर शहर नेमके कोणासाठी सुंदर झाले, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

चळवळीत या विषयावर दोन मते ऐकू येतात. काही कार्यकर्ते म्हणतात, झाडे लावणे आणि भिंती रंगवणे हे एनजीओंचे उद्योग आहेत, त्यामुळे तरुण राजकीय लढ्यापासून दूर जातो. दुसरे म्हणतात, सरकारकडे मागत बसू नका, आपली वस्ती आपणच साफ करा. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. आपला इतिहास नीट पाहिला तर हक्काची लढाई आणि स्वतःचे श्रम या दोन गोष्टी बाबासाहेबांच्या चळवळीत कधीच वेगळ्या नव्हत्या.

तळे कोणाच्या पैशाचे?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. पनवेल आणि महाड ही दोन्ही शहरे जुन्या कुलाबा जिल्ह्यातली, आजच्या रायगडमधली. त्यामुळे चवदार तळ्याचा लढा हा आपल्या जिल्ह्याचा, आपल्या घरचा इतिहास आहे. पण आपण तो बहुतेक वेळा फक्त पाण्याचा लढा म्हणून सांगतो. तो नगरपालिकेच्या सार्वजनिक जागेचाही लढा होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असे तो सांगत होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरच्या ठरावाने पाणी मिळत नाही. १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला की, ज्या नगरपालिका हे पाळत नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. म्हणजे सार्वजनिक पैसा घ्यायचा आणि सार्वजनिक हक्क नाकारायचा, ही लबाडी तेव्हाही होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यामागे उभे होते. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' करून घेतले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, पूर्ण दहा वर्षांनी.

पुढे हाच लढा संविधानात उतरला. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम वाचा. राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात कोणत्याही नागरिकाला जातीवरून अडवता येणार नाही, असे ते सांगते. जगातल्या किती संविधानांत मूलभूत हक्कांच्या यादीत विहीर आणि तलाव हे शब्द सापडतील? ते शब्द तिथे आहेत, कारण महाडसारख्या गावांनी ते लिहायला भाग पाडले.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याशी जोडलेली सोनबा येलवे यांची आठवण आपल्या चळवळीत आजही सांगितली जाते. प्रवासात बाबासाहेबांना कोणी पाणी दिले नाही हे कळल्यावर सोनबा पाण्याचे मडके घेऊन रस्त्यावर त्यांची वाट पाहत उभे राहू लागले, ते वर्षानुवर्षे. एका साध्या माणसाने रस्त्याच्या कडेला आपल्या श्रमाने पाणवठा उभा केला. महाडला हक्काची लढाई झाली, पळस्प्याला सेवा झाली. आपल्याला दोन्हींचा वारसा आहे.

वाचनालय, हॉकी आणि जलसा

आता तरुणांच्या आणि संस्कृतीच्या कामाकडे वळू. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने निवेदने दिली, परिषदा घेतल्या. त्याच सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. हॉकी क्लब कशासाठी? चाळीतला तरुण दारू आणि जुगारापासून दूर राहावा, त्याला खेळाची, शिस्तीची आणि संघाची सवय लागावी म्हणून. ज्यांना खेळाचे मैदान हा किरकोळ विषय वाटतो त्यांनी हे लक्षात घ्यावे की, कायदेमंडळात भांडणाऱ्या नेत्यालाही तो किरकोळ वाटला नव्हता.

१४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक भीमजयंती साजरी केली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. कंदिलाच्या उजेडात, वस्तीच्या मोकळ्या जागेत जलसा रंगायचा आणि ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही चळवळ कळायची. वस्तीतली ती मोकळी जागा नसती तर जलसा उभा राहिला नसता. संस्कृतीला जागा लागते. म्हणूनच वस्तीतल्या मोकळ्या जागेवर आधी कोणाची तरी गाडी आणि मग कोणाचे तरी बांधकाम उभे राहते, तेव्हा एका तुकड्यासोबत चळवळीचे व्यासपीठही जाते.

झाड आपल्याला परके नाही

हिरवाई हा उच्चभ्रूंचा छंद आहे, असे समजणाऱ्यांनी धम्माचा इतिहास आठवावा. तथागतांना बोधी पिंपळाखाली प्राप्त झाली. त्यांचे वर्षावास वेळुवनात आणि जेतवनात झाले. विहारांच्या नावांतच वन आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या आणि हे माणसांच्या व जनावरांच्या उपयोगासाठी केले असे दगडावर कोरून ठेवले. त्याच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या उत्तर कोकणात सोपाऱ्याला सापडले आहेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय उभारले, तेव्हा त्या परिसराचे नाव नागसेनवन झाले.

अशोकाने झाड शोभेसाठी लावले नाही. वाटसरूला सावली मिळावी म्हणून लावले. सुशोभीकरण आणि वस्ती सुधारणा यांतला फरक इथे आहे.

नियोजित शहर आणि नियोजनाबाहेरची माणसे

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. या लढ्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण भूखंड मिळणार तो गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात. ज्या कोकणात खोतीने कुळाला आणि जातीने अस्पृश्याला जमिनीपासून दूर ठेवले, तिथे भूमिहीनाच्या पदरात या हिशेबाने किती पडणार होते?

सिडकोने खारघरला सेंट्रल पार्क केले, गोल्फ कोर्सही केला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. जुने पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर आणि आजूबाजूची गावे एका पालिकेखाली आली. आता वडाळे तळ्याच्या काठी फिरणारा, खारघरच्या बागेत धावणारा आणि झोपडपट्टीत राहणारा असे तिघेही एकाच पालिकेचे नागरिक आहेत. निधीची वाटणी मात्र त्या समानतेने होते का, हे तपासण्याची जबाबदारी आपली आहे.

काय करायचे?

मित्रांनो, कायदा आपल्या बाजूने आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यात नागरी संस्थांचे १८ विषय आहेत. त्यातले आठ ते तेरा क्रमांक सलग वाचा: नागरी वनीकरण व पर्यावरण, दुर्बल घटकांचे हितरक्षण, झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निर्मूलन, बागा व क्रीडांगणे, सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना उत्तेजन. झाड आणि झोपडपट्टी, बाग आणि दुर्बल घटक हे एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. बागेसाठी झोपडी हटवा असे ही यादी सांगत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातही सुधारणा हा शब्द आधी येतो आणि निर्मूलन नंतर.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. प्रत्येक जयंती मंडळाने १४ एप्रिलची मिरवणूक संपल्यावर विसर्जित होऊ नये. त्याच तरुणांनी वस्तीचा नकाशा काढावा: नळ किती, शौचालये किती, दिवे कुठे बंद, मोकळी जागा कोणती आणि ती कागदोपत्री कोणाच्या नावावर. पालिकेच्या अंदाजपत्रकातली वस्ती सुधारणेची तरतूद माहितीच्या अधिकारात मागवावी. खर्च झाला असेल तर कुठे झाला, हे जागेवर जाऊन पाहावे.

सोबत स्वतःचे काम सुरू ठेवावे. जूनमध्ये वड, पिंपळ, करंज, कडुलिंब, ताम्हण अशी आपल्या मातीतली झाडे लावावीत. लावणे सोपे असते, पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे अवघड असते. त्यासाठी प्रत्येक झाडामागे एक घर नेमावे. विहारात किंवा समाजमंदिरात रोज अभ्यासिका उघडी ठेवावी. भिंती रंगवायच्याच असतील तर त्यांवर चवदार तळ्याचा सत्याग्रह, सावित्रीबाई-फातिमाबींची शाळा आणि सोनबांचे मडके यावे. या कामात मुलींना फक्त रांगोळीपुरते बोलावू नये, निर्णयात घ्यावे; वस्तीत पाण्याची रांग कोण धरते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण हे सर्व करताना पालिकेला एक गोष्ट स्पष्ट सांगावी. आम्ही श्रम देतो म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. गटार, नळ, दिवा आणि मैदान हे उपकार नाहीत. महाडच्या तळ्यावर आमचे पूर्वज दान मागायला गेले नव्हते. सार्वजनिक पैशातून राखलेल्या तळ्यावर आपला समान हक्क बजावायला ते गेले होते. पनवेलच्या प्रत्येक तळ्यावर, बागेवर आणि मैदानावर तोच हक्क आपला आहे आणि तो आपल्या वस्तीच्या दारापर्यंत आणणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम!