दुरात्म्याची साक्ष

मनुष्याने आपल्या दुर्गुणांना नावे दिली, रूपे दिली आणि मग त्यांना स्वतःहून वेगळे मानून सारा दोष त्यांच्या माथी मारला. या दृष्टीने पाहिले म्हणजे धर्मकथांतील दुरात्म्यांचा इतिहास हा मनुष्याचाच इतिहास वाटू लागतो. अस्मोदेउस हा असाच एक दुरात्मा.

पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथात ऐष्म नावाचा एक दएव, म्हणजे दुष्ट शक्ती, आहे. ऐष्म म्हणजे क्रोध. रक्तलांछित गदा घेऊन तो संचार करतो आणि सरोश हा पुण्यात्मा त्याचा प्रतिकार करतो. ‘ऐष्म दएव’ यावरूनच अस्मोदेउस हे नाव आले असावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे.

हे नाव प्रथम ठळकपणे भेटते ते तोबीतच्या ग्रंथात. कॅथॉलिक व ऑर्थोडॉक्स बायबलात हा ग्रंथ समाविष्ट आहे. यहुदी व प्रॉटेस्टंट शास्त्रात तो नाही. १९५२ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत त्याचे अरामी व हिब्रू तुकडे सापडले. कथा घडते ती इराणातील एकबताना नगरीत. सारा नावाच्या कन्येचे सात वर अस्मोदेउसने एकामागून एक विवाहाच्या रात्रीच ठार केले. पण बोल लागला तो साराला! आपल्याकडे अशा स्त्रीला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. तेथे घरची दासीच तिला पतिघातकी म्हणाली. साराच्या मनात आत्मघाताचा विचार आला. परंतु पित्याला दुःख होईल म्हणून तिने तो आवरला व प्रार्थना केली. पुढे देवदूत राफाएलच्या साहाय्याने तोबियाने तिच्याशी विवाह केला, माशाचे काळीज व यकृत जाळून धूर केला आणि तो दुरात्मा मिसर देशाकडे पळाला.

यहुद्यांच्या तालमूद ग्रंथात हाच अश्मदाय शलमोन राजाचा बंदी होतो. वाटेत एका लग्नाचा आनंदोत्सव पाहून तो रडतो, कारण तो वर तीस दिवसांत मरणार हे त्याला ठाऊक असते. साराच्या कथेत वरांना मारणारा येथे वरासाठी अश्रू ढाळतो.

परंतु कथेतील दुरात्मा न्यायासनापुढे आला, तेव्हा अनर्थ ओढवला. फ्रान्समधील लूदाँ गावच्या उर्सुलाइन मठातील जोगिणींना झटके येऊ लागले. त्यांच्या मुखातून अस्मोदेउस प्रभृती दुरात्मे बोलतात, असे मानले गेले आणि त्यांनी ऊर्बें ग्रांदिए या धर्मगुरूचे नाव घेतले. ग्रांदिएला शत्रू पुष्कळ होते. ज्याला शास्त्र असत्याचा जनक म्हणते, त्याची साक्ष ग्राह्य धरण्यात आली! १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला जिवंत जाळले. आणि झटके? ते त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच राहिले.

पुढे अवघ्या सात वर्षांनी, १६४१ साली, स्पेनमध्ये लुइस व्हेलेस दे गेव्हारा याने एक विनोदी कथा प्रसिद्ध केली. एका ज्योतिषाच्या माळ्यावरील कुपीतून एक विद्यार्थी लंगड्या सैतानाला मुक्त करतो. तो उपकार स्मरून माद्रिदमधील घरांची छपरे उचलतो व आतील ढोंग दाखवितो. १७०७ साली फ्रेंच लेखक लसाज याने ही कल्पना उचलली आणि त्या लंगड्या सैतानाचे नाव ठेवले अस्मोदे. युरोपभर तो लोकप्रिय झाला. पुढे डिकन्सने ‘डोंबी अँड सन’ या कादंबरीत त्याची आठवण काढली. मात्र त्या सैतानाहून अधिक दयाळू हाताने छपरे उचलली जावीत आणि दरिद्री वस्त्यांतील दुःख लोकांना दिसावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली.

एकाच दुरात्म्याच्या नावाचे हे दोन उपयोग. लूदाँत त्या नावाने शेजाऱ्याकडे बोट दाखविले गेले; लसाजच्या ग्रंथात वाचकाला आपल्याच छपराखाली काय चालले आहे हे पाहावे लागले. साराच्या दासीने पहिला मार्ग धरला होता. आजही गावात आजार आला, गुरे दगावली की एखाद्या निराधार स्त्रीला चेटकीण ठरविणारे तोच मार्ग धरतात. दुरात्मा खरा की कल्पित, हा वाद पंडितांनी करावा. त्याच्या साक्षीवर मात्र कोणाही मनुष्याला दोषी धरू नये, एवढा धडा लूदाँच्या त्या चितेने आपणांस दिला आहे.