कोबोलचे वाक्य आणि नोकरीची शाश्वती

संगणक-उद्योगातील नोकरीविषयी बोलताना 'संवादकौशल्य' हा शब्द हमखास येतो. मुलाखतीत अडखळू नये, इंग्रजी सफाईदार असावे, परदेशी ग्राहकाला आपले उच्चार कळावेत, एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर मात्र निराळे चित्र दिसते. संवादाचा प्रश्न तेथे प्रारंभापासूनच होता. पण तो बोलण्याचा नव्हता, लिहिण्या-वाचण्याचा होता.

१९५०च्या दशकात अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी असा विचार मांडला की, व्यापारी कामाच्या आज्ञावल्या गणिती चिन्हांऐवजी इंग्रजी शब्दांत लिहिता याव्यात. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर त्यांना प्रथम मिळाले. आपली पद्धत फ्रेंच आणि जर्मन शब्दांनीही चालते हे त्यांनी दाखवले, तेव्हा वरिष्ठ अधिकच बिचकले, ही आठवण त्या पुढे सांगत असत. त्यांच्या 'फ्लो-मॅटिक' या भाषेच्या पायावर १९५९मध्ये एका समितीने 'कोबोल'ची आखणी सुरू केली. डिसेंबर १९६०मध्ये दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर जवळजवळ तीच आज्ञावली चालवून दाखवण्यात आली.

साहित्याच्या अभ्यासकाला कोबोलची रचना ओळखीची वाटेल. तिच्यात विभाग आहेत, उपविभाग आहेत, परिच्छेद आहेत आणि वाक्येही आहेत. वाक्यात क्रियापद असते आणि शेवटी पूर्णविराम. ज्याला यंत्र चालवता येत नाही अशा हिशेबनिसाला किंवा व्यवस्थापकालाही हा मजकूर वाचता यावा, अशी त्यामागची अपेक्षा होती. म्हणजे वाचक दोन मानले होते : एक यंत्र आणि दुसरा माणूस.

ही अपेक्षा अर्धीच पुरी झाली. शब्द ओळखीचे असले म्हणून मजकूर सुबोध होतोच असे नाही, हे आपण जाणतोच. अमुक रकमेतून तमुक रक्कम वजा करावी हे वाक्य कुणालाही कळते. ती का वजा करावी, हे त्या वाक्यात नसते. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते. १९७५मध्ये फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात दाखवले की, रखडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते. कारण माणसांगणिक परस्परांना समजावून सांगण्याचा भार वाढत जातो. त्याच वर्षी एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी चांगल्या आज्ञावलीकाराच्या गुणांत गणिती वृत्तीबरोबर मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्वाला मोलाचे स्थान दिले. त्यांनी 'मातृभाषा' म्हटले, इंग्रजी नव्हे, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट एक समजूत या व्यवसायात रुजलेली आहे. आपले लिखाण दुसऱ्या कुणाला कळू नये, म्हणजे आपल्याला कुणी काढणार नाही, ही ती समजूत. आपल्याकडे ती नवी नाही. गावाच्या जमीन-महसुलाच्या नोंदी ठेवणाऱ्या कुळकर्ण्याचे वजन त्याच्या दप्तरात होते. गावातील बहुसंख्य लोकांना ती मोडी अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून ते वजन टिकले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८मध्ये कुळकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. वतन गेले, नोंदी राहिल्या. कारण त्या वाचणारे दुसरे कुणी उभे करण्यात आले.

संगणकाच्या दप्तरालाही असा प्रसंग आला. जागा महाग होती त्या काळात वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याचा प्रघात पडला होता. २००० साल उजाडताच '००' म्हणजे १९०० असा घोटाळा होणार, हे ध्यानात आल्यावर जगभरच्या जुन्या आज्ञावल्या तपासणे भाग पडले. त्या दुरुस्तीचे मोठे काम भारतीय कंपन्यांकडे आले. हे काम मुख्यतः वाचनाचे होते. दुसऱ्याने दोन-तीन दशकांपूर्वी लिहिलेला मजकूर, अनेक हातांनी त्यात केलेले बदल आणि स्पष्टीकरणाचा अभाव यांतून मूळ हेतू शोधायचा. शके १५०६मध्ये एकनाथांनी 'ज्ञानेश्वरी'ची पाठशुद्धी केली, ती परंपरा आपल्याला ठाऊक आहे. त्या पाठचिकित्सेशी या कामाचे नाते लागते. मात्र त्याला तसे नाव कुणी दिले नाही.

काम संपले आणि २००१च्या मंदीत परदेशी गेलेले अनेक तरुण परतले. वाचनाचे कौशल्य होते, तरी नोकरी टिकली नाही. उलट एप्रिल २०२०मध्ये, बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली असता, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक घातली. साठ वर्षांपूर्वीच्या भाषेचे वाचक अचानक हवेसे झाले.

यावरून संवादकौशल्य म्हणजे नोकरीचा विमा, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जुलै २०२५मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. असे निर्णय ताळेबंद पाहून होतात, कुणाच्या वाक्यरचनेवरून नव्हे. नोकरीची शाश्वती हा कायद्याचा आणि संघटनेचा प्रश्न आहे. तो 'तुमचे इंग्रजी कच्चे आहे' असे सांगून कामगाराच्याच माथी मारणे अन्यायाचे आहे.

तरीही शिकवण्यासारखे काही उरते. आज यंत्रेच आज्ञावल्या लिहू लागली आहेत. अशा वेळी काय हवे आहे ते नेमके सांगणे, लिहिलेले शंका घेत वाचणे आणि आपण असे का केले हे पुढच्या माणसासाठी नोंदवणे, ही कामे अधिकच महत्त्वाची होतात. ती शिकवण्याची जागा उच्चारांच्या शिकवणीवर्गात नाही. ती भाषेच्या वर्गात, आपल्याच वर्गात आहे. सारांशलेखन आणि अर्थनिर्णयन आपण केवळ गुणांसाठी शिकवत आलो, हा दोष आपला आहे.