घोड्याचा दाणा

गेल्या रविवारी दिल्लीतील आमच्या सरकारी घरात न्याहारीवरून एक लहानसा वाद उत्पन्न झाला. मुलांनी आदल्या रात्री दुधात ओट भिजत घातले होते. सकाळी त्यांत सिमल्याकडचे सफरचंद किसून आणि जळगावचे केळे चिरून घालावयाचे, असा बेत होता. किसणी धाकटीच्या हाती होती. इतक्यात माझी आई दारातून म्हणाली, "अरे, ही तर जई! हा घोड्यांचा दाणा."

वडिलांच्या नोकरीनिमित्त आई मेरठला राहिलेली. तिचे म्हणणे इतिहासाला धरून होते. हिस्सार, मेरठ या भागांत इंग्रजी अमदानीत जई पिकू लागली, ती प्रामुख्याने लष्करी घोड्यांसाठी. खुद्द इंग्लंडातही डॉक्टर जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशात, हे धान्य इंग्रजांकडे घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसे, असा चिमटा काढून ठेवला आहे.

या दाण्याला फळांची संगत मिळवून दिली ती झुरिकच्या बिर्खर-बेनर नामक डॉक्टराने, १९००च्या सुमारास. आल्प्समधील मेंढपाळांच्या खाण्यावरून त्याला ही कल्पना सुचल्याचे सांगतात. मौज अशी की, त्याच्या मूळ कृतीत ओट अवघे चमचाभर. सालीसकट किसलेले अख्खे सफरचंद हेच मुख्य अन्न. आजच्या डबाबंद मालाने हे प्रमाण नेमके उलटे केले आहे!

परंतु ही कल्पना आपल्याला नवी थोडीच आहे? भाजलेल्या यवाचे पीठ दह्यात कालवून होणारा करंभ वैदिक काळी पूषन् देवाला देत. हा देव दात नसलेला. (आमच्या धाकटीचेही पुढचे दोन दात नुकतेच पडले असल्याने तिला तो फारच आवडला.) चरकसंहितेत सातूच्या पिठाचे मंथ आहेत, तसा खजूर, द्राक्षे, डाळिंब यांचाही मंथ आहे. संस्कृतातला 'सक्तु' तोच आपला सातू.

मी हे सांगत असता थोरल्याने विचारले, "आजी, तू सातूचं पीठ कसं करायचीस?"

आई किंचित थांबली. गेली चार वर्षे तिच्या हातांनी ते झालेले नाही, आणि आमच्या घरात दुसऱ्या कोणास येत नाही. मी कारकुनी सवयीने कागद पुढे ओढला. गहू ओलवून कांडायचे, वाळवायचे, खमंग भाजायचे, डाळे घालून दळायचे, वेलदोडा, खाताना गूळ आणि दूध. मी प्रमाण विचारले, तेव्हा तिने हाताची ओंजळ करून दाखविली. भाजायचे किती वेळ, तर "वास सांगतो."

कागदावर तो रकाना कोराच राहिला. मग आई उठली, कढई चढविली आणि मूठभर गहू टाकून धाकटीला म्हणाली, "ये इकडे. आता मी सांगेपर्यंत नुसता वास घे."

ओटांचे वाडगे तोवर टेबलावर तसेच होते.