दाट तेल आणि वाफेची विद्या

तेलाची विहीर म्हटली की जमिनीतून उसळणारे काळे कारंजे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु भूगर्भातील पुष्कळसे तेल असे उसळत नाही. ते काकवीहूनही दाट असते आणि खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत चिकटून बसते. थंडीत बरणीतून न उतरणारी काकवी चुलीजवळ ठेवताच ओघळू लागते. दाट तेलाच्या विद्येचे मूळ याच साध्या अनुभवात आहे.

व्हेनेझुएलातील मेने ग्रांदे येथे १९१४ पासून तेल निघत आले होते. १९५९ साली शेल कंपनीचे अभियंते तेथे एक प्रयोग करीत होते. एका विहिरीतून वाफ दाबावयाची व तिच्या जोराने तेल दुसऱ्या विहिरींकडे लोटावयाचे, असा त्यांचा बेत होता. वाफ मात्र वरचे थर फोडून जमिनीवर उफाळली. दाब उतरविण्यासाठी वाफेच्याच विहिरी उघडल्या, तो त्यांतून तेल वाहू लागले! वाफ सोडावी, काही काळ मुरू द्यावी आणि त्याच विहिरीतून तेल घ्यावे, ही रीत या अपघातातून जन्मास आली.

पुढे कॅनडात रॉजर बटलर यांनी एकावर एक अशा दोन आडव्या विहिरींची कल्पना मांडली. वरचीतून वाफ सोडावयाची आणि पातळ झालेले तेल आपल्याच भाराने खालचीत उतरू द्यावयाचे. अल्बर्टा सरकारने १९७४ साली स्थापलेल्या संशोधनसंस्थेने भुयारे खणून ही कल्पना सिद्ध केली.

वाफ फार खोल न्यावी, तर तिची उष्णता वाटेतच सरते. गुजरातेतील मेहसाण्याजवळ बालोल येथे म्हणून वेगळा मार्ग धरला गेला. १९९० साली तेथे भूगर्भात हवा दाबून तेलाचाच काही अंश पेटविण्याचा प्रयोग झाला आणि १९९७ पासून तो मोठ्या प्रमाणावर सुरू झाला.

या विद्येची किंमतही आपण मोजली पाहिजे. दोन विहिरींच्या रीतीत एक पिंप तेलासाठी साधारणतः दोन ते चार पिंपे पाण्याची वाफ लागते, आणि ती करण्यास बहुधा नैसर्गिक वायू जाळावा लागतो. इंधनासाठी इंधन जाळण्याचा हा व्यवहार आहे. मेने ग्रांदेच्या अभियंत्यांनी फसलेल्या प्रयोगाकडे पाठ फिरविली नाही, म्हणून ही विद्या लाभली. तिच्या धुराचा हिशेब आपण तितक्याच जागरूकपणे ठेवावा, असे आम्हांस वाटते.